विकतचे केस

लिफाफ्यात चौदा केस होते. आठ यंत्राने वापरले, सहा उरले. सर्वांत लांब २९.४ सेंटिमीटर, सर्वांत आखूड २८.८. रंग काळा, एका टोकाकडे किंचित तपकिरी. लिफाफ्यावर नमुना क्रमांक ३०२, नाव नामुयिम्बा स्कोव्हिया, वय २६, बंदर क्येम्बाजी, केस कापणाऱ्याची सही किझा एरिसा. त्याखाली माझी सही. एवढं सगळं मी त्या सकाळी वहीत उतरवलं होतं, आणि जे एकच पाहायला हवं होतं ते पाहिलं नव्हतं.

क्येम्बाजी हे युगांडातलं, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावरचं मासळीचं बंदर. मी गेले तेव्हा तिथे घरं चारशे दहा, नावा शहाण्णव, चर्च तीन आणि पत्र्याच्या छपराचं एक आरोग्य केंद्र होतं. केंद्राच्या मागच्या खोलीत माझं यंत्र. कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी थेट इथे आले, कारण यंत्र बनवणाऱ्या संस्थेला ते चालवणारं माणूस हवं होतं आणि मला बार्शी-कोल्हापूरच्या पलीकडचं काहीतरी पाहायचं होतं. बंदरावरची मुलं मला ‘मुयिंडी’ म्हणत, म्हणजे भारतीय. मोठी माणसं ‘न्याबो’ म्हणत, म्हणजे बाई. दीड वर्षात मला त्यांची लुगांडा भाषा कामापुरती येऊ लागली होती. जिथे अडे तिथे एरिसा सावरून घेई.

यंत्र शिलाई मशीनच्या पेटीएवढं आहे. ते केस वाचतं. केसाचं मूळ रक्तावर पोसलं जातं, त्यामुळे रक्तात जे असेल ते थोडं थोडं वाढत्या केसात अडकतं. केस एकदा त्वचेबाहेर आला की अडकलेलं आतच राहतं. धुतलं, तेल लावलं, तरी फारसं जात नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. इथल्या लोकांचा जरा कमी, ०.८. म्हणजे मुळाजवळचा पहिला तुकडा हा गेला महिना, दुसरा त्याच्या आधीचा. यंत्र तुकडे करतं, विरघळवतं आणि द्रावणातल्या रेणूंचं वजन करतं. औषधाच्या रेणूचं वजन ठरलेलं असतं. त्या वजनाचा रेणू सापडला, तर त्या महिन्यात गोळी घेतली होती. नाही सापडला, तर घेतली नव्हती. अकरा मिनिटं लागतात.

गोळी आठवड्याला एक. एचआयव्ही असलेल्याने नेमाने घेतली, तर विषाणू इतका दबतो की त्याच्याकडून तो दुसऱ्याला जात नाही. नसलेल्याने घेतली, तर त्याला लागण होत नाही. दोघांना तीच गोळी आणि तेच निळं पाकीट. हे मुद्दाम केलेलं होतं. पूर्वी पाकिटं वेगळी असत आणि कोणाच्या उशाखाली कुठलं आहे हे शेजारणीला पाठ असे. पाकीट एकच केलं की लोक लाजणार नाहीत, असा अंदाज होता. पाकिटं जात होती, पण आतल्या गोळ्या पोटात जातात की छपराच्या फटीत, हे कळत नव्हतं. म्हणून केस वाचायचं ठरलं. सुई नाही, रक्त नाही, आणि निकालाची चिठ्ठी बंद लिफाफ्यातून फक्त त्या माणसाच्या हातात.

चिठ्ठी आम्ही छापली. तिची रीत दुसऱ्यांनी पाडली. चौथ्या महिन्यात एका चर्चने लग्नाआधी रक्ततपासणीबरोबर केसांची चिठ्ठीही मागितली. रक्त आजचं सांगतं, केस मागचं सांगतात, आणि लोकांना मागचंच जास्त हवं होतं. मग दुसऱ्या चर्चने मागितली. मग बेटांवर महिना-महिना राहणारे नावाडी परत आले की बायकोकडे मागू लागले. बायकांनी उलट मागितली, तेव्हा पुरुष न्हाव्याकडे गेले. मी रोज सकाळी धक्क्यावर उतरणारी डोकी मोजायला लागले. फेब्रुवारीत शंभरातली एकतीस तुळतुळीत होती, जुलैत ब्याऐंशी. एरिसा गावचा आरोग्यसेवक, पंचावन्न वर्षांचा, मूळचाच टकला. तो म्हणायचा की संस्थेने न्हाव्याचा सत्कार करावा, आणि अख्ख्या बंदरात आता त्याच्या एकट्याच्या टकलावर कोणाला संशय येत नाही.

तर यंत्र चालायचं ते बहुतेक बायकांच्या केसांवर.

क्रमांक ३०२चा निकाल असा आला: एकोणतीस तुकडे, यंत्राचं माप मी एक सेंटिमीटरवरच ठेवलं होतं, म्हणजे सुमारे एकोणतीस महिने, त्यातल्या सत्तावीस महिन्यांत औषध आहे, अकराव्या आणि बाराव्या महिन्यात नाही. मी चिठ्ठी छापली, लिफाफा चिकटवला आणि स्कोव्हियाच्या हाती दिला. तिने तो न उघडता सेंगाला दिला.

सेंगा म्हणजे वडिलांची बहीण, आत्या. आपल्याकडे आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि लग्नात मानाची साडी घेते. इथली सेंगा भाचीला संसारातलं सगळं शिकवते, अगदी सगळं, आणि सोयरीक जुळताना मधे तीच असते. ‘क्वांजुला’ हा इथला साखरपुड्यासारखा समारंभ. त्यात ती नवऱ्या मुलाला हाताला धरून घरात आणते. स्कोव्हियाची आई ती लहान असतानाच गेली होती. तिला सेंगा नालवोगानेच वाढवलं. नालवोगाबाई साठीच्या, बांध्याने लहान, खांद्यापर्यंत बारीक वेण्या, चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख. घरच्या नसलेल्या मुलींसाठीही लोक त्यांनाच बोलावत. त्रेचाळीस मुलींची लग्नं त्यांनी लावून दिली होती. रीतीप्रमाणे तो लिफाफा घेऊन त्या मुलाकडच्यांकडे गेल्या, आणि तो सगळ्यांसमोर उघडला गेला.

मुलगा लुटाया, एका मोठ्या नावेचा तांडेल. स्कोव्हियाची आणि त्याची ओळख चौदा महिन्यांची. रक्ततपासणी दोघांचीही स्वच्छ होती, आणि त्यामुळेच प्रकरण जास्त चिघळलं. तिला आजार असता तर निदान दया आली असती. आजार नाही, मग गोळ्या कशाला? आणि त्याही लुटाया भेटायच्या सव्वा वर्ष आधीपासून? मग कोणीतरी मागे महिने मोजले. अकरावा आणि बारावा महिना म्हणजे गेल्या वर्षीची मासेमारीबंदी. तेव्हा लुटाया दोन महिने बंदरावरच होता. तो इथे असताना गोळ्या बंद, तो सरोवरात गेला की सुरू. यापेक्षा जास्त काय सांगायला हवं, असं लुटायाचे काका म्हणाले. एरिसाने मला हे सारं ऐकवलं तेव्हा वाटलं, आमच्या संस्थेच्या अहवालांतही आकड्यांचा इतका बारीक अर्थ कोणी लावत नाही.

स्कोव्हिया धक्क्यावरच्या काट्यावर काम करायची. बंदराच्या समितीने तिला तिथे नेमलं होतं. नाव लागली की टोपल्या तिच्यासमोर येत, ती आकडा पुकारी, आणि तो आकडा नावाडी, व्यापारी, समिती सगळे मान्य करत. चार वर्षांत तिच्या आकड्यावर वाद झाला नव्हता. चिठ्ठीनंतर तिसऱ्या दिवशी एका नावाड्याने आकडा ऐकला, काही न बोलता टोपली उचलली आणि पलीकडच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर नेली. आठवड्याच्या शेवटी असे सतरा जण झाले. समितीच्या अध्यक्षांनी तिला थोडे दिवस विश्रांती घे म्हणून सुचवलं. क्वांजुला पुढे ढकलला गेला. दोन्हीकडची माणसं शनिवारी बसून काय ते ठरवणार होती.

मंगळवारी दुपारी ती माझ्या खोलीत आली. उभी राहूनच तिने यंत्राकडे बराच वेळ पाहिलं.

“हे पण वजनच करतं ना?”

“हो. रेणूंचं. फार लहान कणांचं.”

“मग टोपलीचं वजन वजा केलंत?”

मी म्हटलं, केलं. रोज सकाळी नुसतं द्रावण घालून मोजते, यंत्र शून्यावर आणते, मग नमुना घालते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. कोणी उशिरा समजणारा नावाडी असेल तर त्याच्याशी ती अशीच वागत असणार.

“तसं नाही, न्याबो. ओली टोपली अडीच किलो, कोरडी पावणेदोन. मी काटा पाहायच्या आधी टोपली बघते. तुम्ही काय तोललंत ते बघितलंत का? मासा तोलला की टोपली?”

मी म्हटलं, तुझे केस तोलले.

“मी ही गोळी कधी गिळलेली नाही,” ती म्हणाली. “गिळली असती तर सांगितलं असतं. बंदरावर निम्म्या बायका घेतात, त्यात लाजायचं काय? पण नाही गिळली. आता तुमचा काटा एक बोलतो आणि मी एक. दोघींतली एक चुकते.”

ती गेल्यावर मी उरलेले सहा केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. हे आधीच करायला हवं होतं. पहिली गोष्ट, केसाला मूळ नव्हतं आणि निमुळतं टोकही नव्हतं. दोन्ही बाजू सरळ कापलेल्या होत्या. दुसरी, आडवा छेद जवळजवळ गोल, जाडी ७१ मायक्रॉन. इथल्या लोकांच्या केसाचा छेद चपटा असतो आणि केस जागोजागी पीळ घेतो. हे मला दुसऱ्या सत्रात शिकवलं होतं आणि त्यावर परीक्षेत प्रश्नही आला होता. मी माझ्या वेणीतला एक केस उपटला आणि शेजारी ठेवला. गोल, ७० मायक्रॉन. नंतर काच हलवताना कुठला माझा आणि कुठला लिफाफ्यातला हे मला क्षणभर कळेना.

बार्शीला आमच्या गल्लीत डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका यायच्या आणि ‘केसांवर भांडी’ म्हणून ओरडायच्या. आई विंचरताना गळलेले केस दारामागच्या पिशवीत साठवायची. वर्षाकाठी त्यांचा एक वाटी-चमचा व्हायचा. पुढे ते केस कुठे जातात हे आम्ही कोणी विचारलं नाही. पण ते गुंतवळ असतं, लांडं-लांब. हे केस तसे नव्हते. सगळे एका लांबीचे, सगळ्यांचे खवले एकाच दिशेला. असे केस डोक्यावरून एकदम उतरवलेले असतात. देवाला वाहिलेले असतात, किंवा विकलेले. बंदरावरच्या केशदुकानात मी चौकशी केली. स्कोव्हियाने जानेवारीत तिथून ‘भारतीय, एकाच डोक्याचे’ केस घेऊन वेण्यांत गुंफून घेतले होते. एकाच डोक्याचे, असं दुकानदारीण शपथेवर सांगत होती. यंत्रही तेच सांगत होतं.

म्हणजे कुठेतरी माझ्याच देशात एक बाई होती. तिने सत्तावीस महिने दर आठवड्याला ती गोळी घेतली होती. मधे दोन महिने घेतली नव्हती. गोळ्या संपल्या असतील, किंवा ती माहेरी गेली असेल आणि तिथे पाकीट काढता आलं नसेल. नंतर पुन्हा सुरू केली. मग एके दिवशी केस दिले. एवढंच मला तिच्याबद्दल माहीत आहे.

एरिसाला मी विचारलं, तेव्हा त्याला प्रश्नच समजला नाही. कापले की, म्हणाला, डोक्यावरूनच कापले. मी म्हटलं, डोक्यावरच्या विकतच्या वेणीतून. तर तो म्हणाला, मग काय स्वतःचे कापून घेणार? इथे कापलेले केस आणि नखं कोणी उघड्यावर टाकत नाही, परक्याच्या हाती तर नाहीच. ज्याच्या हाती तुमचे केस, त्याच्या हाती तुमचं बरंवाईट. पहिल्या आठवड्यात बायका केंद्राच्या पायरीवरून परत जात होत्या. मग ठरलं, विकतच्या वेणीतले द्यायचे. फॉर्मवर ‘डोक्यावरचे केस’ एवढंच छापलं होतं, आणि ते डोक्यावरच होते. त्यानंतर एकही बाई परत गेली नाही. आपण नमुने जमवण्यात जिल्ह्यात पहिले आलो ते उगाच नाही, हेही त्याने ऐकवलं.

मी आतापर्यंतचे सगळे लिफाफे काढले. नमुने ३११. उरलेल्या केसांची दोन्ही टोकं कापलेली, म्हणजे विकतचे केस असलेले, ११८. त्यातल्या नऊंमध्ये औषध सापडलं होतं, एकशे नऊंमध्ये नाही. सगळ्यांचे निकाल निरर्थक.

कंपालाच्या आमच्या प्रमुख डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, सगळ्या ११८ चिठ्ठ्या रद्द करू, पत्रं पाठवू, दोन आठवडे लागतील. तोवर त्या एका मुलीचे स्वतःचे केस घे आणि तिला नवी चिठ्ठी दे.

मला हे सोपं वाटलं. स्कोव्हियाला सोपं वाटलं नाही. चूक सापडल्याचं ऐकून ती हसली, पहिल्यांदाच. पण केस द्यायला तिने साफ नकार दिला. माझं म्हणणं होतं की अकरा मिनिटांचं काम आहे. तिचं म्हणणं असं की माझा शब्द केस दिल्यावरच खरा होणार असेल, तर तो माझा शब्द नाही, केसांचा आहे. आज केस मागतील, उद्या काहीतरी दुसरं. आणि काटा तपासायचा तर दोन्ही पारडी तपासा.

“लुटायाचे आणा,” ती म्हणाली. “त्याच्या डोक्याचा आरसा झालाय. त्यात वाकून बघितलं की माझेच केस दिसतात.”

शुक्रवारी दुपारी नालवोगाबाई आल्या. दार लावून घेतलं आणि बाकावर बसल्या. त्यांनी विचारलं, ते केस कोणाचे होते. मी म्हटलं, माहीत नाही, माझ्याकडच्या कोणा बाईचे.

“आजारी होती?”

“गोळी घेत होती. कशासाठी, ते केस सांगत नाहीत.”

त्या मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, विकतचे द्या हे बायकांना मीच सांगितलं होतं. एरिसा बिचारा नंतरचा. पहिला नमुना त्यांचा स्वतःचा होता. मंडळाच्या प्रमुख पुढे झाल्या की बाकीच्या येतील म्हणून त्यांना पहिलं बोलावलं होतं. मी वहीत पाहिलं. क्रमांक १, दोन्ही टोकं कापलेली, औषध नाही.

“परक्याच्या हाती केस देऊ नयेत, हे खरंच आहे. माझी आजी सांगायची,” त्या म्हणाल्या. “पण मी सांगितलं ते तेवढ्यासाठी नाही. एकोणीस वर्षं झाली, मुली. नवरा गेला त्या वर्षापासून. आधीच्या गोळ्या रोजच्या होत्या, आता ही आठवड्याची. एक चुकलेली नाही. दोन तालुके ओलांडून आणते. स्कोव्हियाला माहीत नाही.”

मी वही मिटली.

“मला वाटलं, विकतचे केस म्हणजे कापड. वाचा म्हटलं, काय वाचायचं ते. त्यात कोणी असेल, असं मला कुठे माहीत होतं?”

माझ्या तोंडून हे बाहेर जाणार नाही, तशी माझ्यावर सक्तीच आहे, असं मी त्यांना सांगितलं. आणि पत्रं येतील तेव्हा ती सगळ्या ११८ जणींना येतील, त्यावरून कोणाचं काही कळणार नाही. त्यांनी मान हलवली. उठताना एवढंच विचारलं की किती लांब केस लागतात. मी म्हटलं, बोटाच्या दोन पेरांएवढे पुष्कळ.

शनिवारी सकाळी दहाला मंडळी आरोग्य केंद्राच्या अंगणात फणसाखाली बसली. लुटायाच्या काकांनीच ही जागा मागितली होती. यंत्र खोटं बोललं असेल तर ते यंत्राच्या तोंडून ऐकू, असं ते म्हणाले. पुरुष खुर्च्यांवर, बायका चटयांवर, एकंदर तेवीस माणसं. मी आणि एरिसाने यंत्र ओढत बाहेर आणलं आणि टेबलावर ठेवलं.

मी गोल केस आणि चपटा केस यांच्याबद्दल बोलले. सूक्ष्मदर्शकातली चित्रं दाखवली. काकांनी ती नीट पाहिली, शेजाऱ्याला दिली आणि मला विचारलं की पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच सही करून सांगितलंत की औषध आहे. मी हो म्हटलं. आज तुम्हीच सांगता की ते तिचं नाही. मी पुन्हा हो म्हटलं. मग पुढच्या शनिवारी काय सांगाल? मागून कोणीतरी म्हणालं की मुयिंडी बाई मुयिंडी केसांची बाजू घेणारच, आणि बायका हसल्या. मलाही हसू आलं.

काकांनी मग सरळ मुद्दा मांडला. मुलीने स्वतःचे केस द्यावेत, यंत्र इथेच आहे. स्कोव्हिया गुडघ्यांवर बसली होती, वडीलधाऱ्यांपुढे बसतात तशी, पण आवाज धक्क्यावर आकडे पुकारतानाचाच होता. “लुटायाने दिले की मी देते. आधी नाही.”

सगळ्यांनी लुटायाकडे पाहिलं. त्याने डोक्यावरून हात फिरवला. “मी वाढवतो,” तो म्हणाला. “तीन महिने लागतील ना, न्याबो?” काकांनी त्याला बस म्हणून खूण केली. स्कोव्हियाने त्या सकाळी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. काका म्हणाले, तीन महिने आमच्या घरचं नाव धक्क्यावर वाळत घालायचं नाही. आज काय ते सांगा, नाहीतर आम्ही उठतो. दोन-तीन खुर्च्या सरकल्या.

तेव्हा नालवोगाबाई चटईवरून उठल्या आणि टेबलाजवळच्या स्टुलावर येऊन बसल्या. त्यांनी एरिसाला कात्री मागितली.

“माझी चिठ्ठी सगळ्यांना ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “औषध नाही. मंडळात मीच वाचून दाखवली होती. आता दोन नमुने घ्या. एक या विकतच्या वेणीचा, एक आतल्या माझ्या केसांचा. दोन्ही सारखे आले तर यंत्र खरं, माझी भाची खोटी. मग तुम्ही उठा. वेगळे आले तर विकतचे केस परक्या बाईचं सांगतात.”

मी त्यांच्याजवळ वाकले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं हळू म्हणाले की हे करायची गरज नाही, पत्रं येणार आहेत. निकाल फक्त तुम्हाला सांगायचा नियम आहे. त्या म्हणाल्या, मला सांग, पण मोठ्याने सांग. मी संमतीचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, सही केली आणि खाली तारीखही घातली.

स्कोव्हिया उभी राहिली होती. तिला काय कळलं आणि किती, हे मला सांगता येणार नाही. ती लहानपणापासून त्या बाईंच्या घरात राहिली होती.

“सेंगा, नको. मी देते माझे.”

“तू नाही द्यायचे,” नालवोगाबाई म्हणाल्या. “तू बरोबर बोललीस. खाली बस.”

एरिसाने वेणीच्या टोकाकडून एक बट कापली. मग बाईंनी स्वतःच मानेजवळच्या दोन वेण्या उकलल्या. विकतचे केस सुटून मांडीवर पडले. आतले केस आखूड होते, मुळाशी पांढरे. ते कापताना एरिसाचा हात थांबला, कारण विकतच्या वेणीखालचे केस त्याने आजवर कोणाचे कापले नव्हते. बाईंनी त्याच्या हातातली कात्री घेतली, चाचपून आठ-दहा केस मुळाशी धरले आणि कापले. मी मोजले, नऊ होते. सूक्ष्मदर्शकाखाली चपटे, पीळदार.

आधी विकतची बट घातली. पहिली अकरा मिनिटं कोणी उठलं नाही. दुरून धक्क्यावरून आकडे ऐकू येत होते. कोणीतरी दुसराच पुकारत होता. पडद्यावर निकाल आला. मी तो वाचून दाखवला: विकतचे केस, एकवीस तुकडे, औषध एकाही तुकड्यात नाही.

काका म्हणाले, आता दुसरा.

मी द्रावण बदललं, तुकड्याचं माप इथल्या केसांच्या ०.८वर आणलं, यंत्र शून्यावर आणलं, दोनदा तपासलं. नऊ केस आत ठेवले. बाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या, अर्धं डोकं मोकळं, अर्ध्यावर वेण्या. स्कोव्हिया त्यांच्या पायाशी येऊन बसली आणि तिने सुटलेले केस गोळा करून आपल्या ओच्यात घेतले. सातव्या मिनिटाला लुटाया खुर्ची सोडून त्या दोघींच्या मागे जाऊन उभा राहिला. बाकी कोणी हललं नाही.

अकरा मिनिटांनी मी वाचून दाखवलं.

नमुना क्रमांक ३१२. नाव नालवोगा. स्वतःचे केस. लांबी ४.० सेंटिमीटर. वाढ महिन्याला ०.८ सेंटिमीटर. तुकडे पाच. औषध पाचपैकी पाच.